पोटयादी

परवा दुपारी एका वेब पानाचा मेन्यू व्हॅलिडेटरला, म्हणजे पानाचं एचटीएमएल (पान रचायची भाषा) तपासणाऱ्या साधनाला दाखवला. खरं तर गरज नव्हती. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. भरीव ठिपका, आत सरकून पोकळ वर्तुळ, त्याच्याही आत चौकोन. व्हॅलिडेटर मात्र अडून बसला. म्हणे, यूएलच्या, म्हणजे यादीच्या टॅगच्या, आत थेट यूएल चालत नाही.

बरोबर होतं त्याचं. पोटकलम असतं, पोटभाडेकरू असतो, तशी ही पोटयादी. ज्या एलआयची, म्हणजे यादीतल्या ज्या नोंदीच्या टॅगची, त्याच्याच पोटात हवी. मी ती शेजारी मांडली होती. रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या (वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्याच्या) कंटेंट_टॅग या टॅग लिहून देणाऱ्या हेल्परने एलआय बनवला आणि पुढे अधिक चिन्ह टाकून यूएल चिकटवला. ब्राउझरने चकार शब्द काढला नव्हता. चूक पोटात घालण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

हा कंटेंट_टॅग तसा जुना छळवादी. त्याला दिलेल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे कोडच्या तुकड्यात, यादीवर ईच (एकेक नोंद घेणारी आज्ञा) फिरवून एलआय बनवा, हाती येतो रिकामा यूएल, कारण ईच शेवटी मूळ यादीच परत करतो आणि वाटेत बनवलेलं सगळं टाकून देतो. मॅपने सगळे एलआय गोळा करून नुसतं जॉइन करा, तर टॅग अक्षरशः पडद्यावर छापले जातात. मग टॅगला टॅगच ठेवून जोडणारा सेफ_जॉइन आठवतो. दर वेळी नव्याने. केकपीएचपी या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या नेस्टेडलिस्टला ॲरे, म्हणजे कोडमधली यादी, दिला की काम झालं. जँगो या तिसऱ्या फ्रेमवर्कचा अनऑर्डर्ड_लिस्ट फिल्टरही आतली गुंतागुंत निस्तरतो, फक्त सगळ्यात बाहेरचा यूएल आपल्याला लिहायला लावतो. का, कोण जाणे.

शाळेत पदावल्या सोडवताना आधी गोल कंस, मग महिरपी, मग चौकटी. मला महिरपी कंस कधी जमला नाही. त्याचं नाक नेहमी वाकडं यायचं, म्हणून तेवढंच खोडून पुन्हा पुन्हा काढत बसायचो. या नादात एकदा तो मिटवायचाच राहिला आणि बाईंनी अख्ख्या गणितावर फुली मारली. उत्तर बरोबर होतं! तेव्हापासून खोड लागली ती लागलीच. कंस उघडला की आधी मिटवतो, मग मध्ये लिहितो. एलआय मिटवणं एचटीएमएलमध्ये ऐच्छिक आहे, तरी मी मिटवतोच. न मिटवलेला एलआय दिसला की दार सताड उघडं टाकून कोणी गेल्यासारखं वाटतं.

आणि त्या दुपारी लक्षात आलं, की तो एलआय हाताने लिहून आळसाने उघडाच सोडला असता, तर पुढचा यूएल आपोआप त्याच्या पोटात गेला असता. व्हॅलिडेटरनेही हूं की चूं केलं नसतं. हेल्पर पडला माझ्याच वळणाचा. उघडलं की मिटवलं.

यूएल आत ढकलला, पान पुन्हा दाखवलं. पास. मग उरलेल्या फायलीत कोणी एलआय उघडे सोडले होते, तेही मिटवत बसलो.