काळ्या मातीतला पाया आणि परत पाठवलेला मिक्सर

थेऊरजवळच्या आमच्या दोन गुंठ्यांवर घर बांधायचे ठरले, तेव्हा माझ्या मनात धास्ती होती ती भेगांची. त्याच वस्तीत काकांनी बांधलेल्या घराच्या भिंतींना तिसऱ्याच वर्षी खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा गेल्या होत्या. पावसाळ्यात त्या जवळजवळ मिटत आणि वैशाखात इतक्या रुंदावत, की त्यांत रुपयाचे नाणे सहज उभे राही. म्हणून आरसीसी कन्सल्टंटना मी पहिल्याच भेटीत विचारले, की पायाला एम-25 ऐवजी एम-40 काँक्रीट (आकडा मोठा तितके काँक्रीट मजबूत) वापरले तर खर्च किती वाढेल. ते म्हणाले, "आधी खड्डा तर घ्या."

खड्ड्यात सहा फुटांपर्यंत काळी माती आणि त्याखाली पिवळसर, घट्ट मुरूम लागला. प्रयोगशाळेत या मातीची फुगण्याची चाचणी झाली, ती मी मुद्दाम जाऊन पाहिली. चाळलेली कोरडी माती 10 ग्रॅम पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये घालून 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्ही नळ्यांतील फरक म्हणजे तिचा फुगीरपणा. आमची पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या जवळजवळ दुप्पट झाली होती. काकांच्या घराचे फुटिंग, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा रुंद पाया, याच मातीत चार फुटांवर बसवलेले होते, त्यामुळे तेथे एम-40 घातले असते तरी भिंती फाटल्याच असत्या. आमचे फुटिंग आठ फुटांवर, मुरमात नेले.

काँक्रीट एम-25च ठरले. 'आयएस 456' या भारतीय मानकानुसार हवा-पाण्याच्या मध्यम स्वरूपाच्या परिस्थितीत आरसीसीसाठी ही किमान प्रत असून पाणी-सिमेंटचे प्रमाण 0.50 पेक्षा जास्त चालत नाही; म्हणजे 50 किलोच्या गोणीमागे फार तर 25 लिटर पाणी, आणि त्यात ओल्या क्रश सँडमधले (दगड भरडून केलेल्या वाळूतले) पाणीही धरायचे. सिमेंट उगाच वाढवले तर उष्णता आणि आकुंचन दोन्ही वाढतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. फुटिंगच्या सळईला 50 मिलिमीटरचे कव्हर, म्हणजे बाहेरून काँक्रीटचे आवरण, हवे, म्हणून सळईखाली खडीचे तुकडे लावू पाहणाऱ्या मुकादमाला सिमेंटचे ठोकळे आणायला लावले.

मे महिन्यात काँक्रीट ओतण्याच्या दिवशी तयार काँक्रीट (रेडीमिक्स) आणणारा पहिला मिक्सर ट्रक सकाळी सातला आला आणि काम सुरळीत झाले. दुसरा सोलापूर रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकला. चलनावरची भरण्याची वेळ पाहिली, तर अडीच तास उलटून गेले होते. रेडीमिक्ससाठी दोन तासांची मर्यादा असते आणि ती वाढवण्याची तजवीज मिश्रणात केल्याची नोंद चलनावर नव्हती. माल घट्ट झालेला पाहून चालकाने ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडायला घेतला; मुकादमाचेही म्हणणे होते, "साहेब, थोडं पाणी मारलं की सुटेल." मी तो मिक्सर परत पाठवला. पैशांवरून झालेली हुज्जत चार दिवस चालली, पण फुटिंग सुटी सुटी असल्याने उरलेली तीन दुसऱ्या दिवशी भरता आली आणि कोठेही अर्धवट जोड राहिला नाही.

तरीही एका फुटिंगवर दुपारपर्यंत केसासारख्या बारीक रेषा उमटल्या. बारदान टाकायला तासभर उशीर झाला होता आणि गरम वाऱ्याने वरचे पाणी ओढून घेतले होते. कन्सल्टंटनी त्या वरवरच्या ठरवल्या. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेले, सावकाश पक्के होणारे) असल्यामुळे पुढे 14 दिवस पाणी मारले. ते काम मी स्वतः केले, कारण या बाबतीत दुसऱ्यावर विसंबणे म्हणजे रविवारी क्युरिंग न होणे. त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या (क्यूबच्या) 28 दिवसांच्या चाचणीत काँक्रीट पास झाले.

जोत्याच्या आतली काळी माती तीन फूट काढून मुरूम थराथराने धुमसला. जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या तुळईखाली (प्लिंथ बीमखाली) मोकळी फट ठेवली, म्हणजे माती फुगली तरी बीमला उचलणार नाही. घराभोवती बाहेर उतार दिलेला चार फुटांचा काँक्रीटचा पट्टा केला. आईला तेथे जास्वंद आणि कढीपत्ता हवा होता. रोज पाणी पिणारी झाडे पायाशी नकोत, असे सांगून ती कुंपणाजवळ लावली. दोन पावसाळे झाले, भिंती अजून सरळ आहेत, आणि फोडणीच्या वेळी कढीपत्त्यासाठी एवढे लांब जावे लागते म्हणून आई रोज मला ऐकवते.