सतरंजीवर बसलेली मोठी माणसं

साहित्य अकादमीचे बाल साहित्य पुरस्कार जाहीर झाले की आमच्या वाचनालयाच्या मंडळात पहिला प्रश्न एकच, मराठीचं पुस्तक कुठलं आणि ते मागवलं का? कारण बालदिनाच्या मेळाव्यात तेच वाचायचं असायचं, आणि वाचणार मुलं, ऐकणार मोठे, हा नियम पहिल्यापासूनचा.

पुरस्कार सुरू झाला २०१० साली, मराठीत पहिला मान अनिल अवचटांना. २४ भाषांमधल्या पुस्तकांना मिळतो, ५० हजार रुपये आणि ताम्रपट. पण आमच्या मुलांना पैशाचं काही नव्हतं, आपल्या हातातलं पुस्तक थेट दिल्लीवाल्यांनी निवडलंय याचंच त्यांना केवढं अप्रूप!

२०११ ला दिलीप प्रभावळकरांच्या बोक्या सातबंडेला मिळाला तेव्हाचा मेळावा तर अजून डोळ्यासमोर आहे. एकच प्रत, खाकी कव्हर घातलेली, एका पोराने पान वाचायचं आणि शेजारच्याकडे सरकवायचं, आणि सतरंजीवर मांडी घालून बसलेले बाबा लोक, एरवी "बंद कर ते आणि अभ्यासाला बस" म्हणणारे, ते खदाखदा हसतायत. आपला बाप आपल्या पुस्तकाला हसतोय हे बघताना त्या पोरांचे चेहरे असे काही फुलले होते ना!

नंतर एका वर्षी पार्सल वेळेत आलंच नाही. वाचनालयाच्या ताईंचा जीव नुसता खालीवर. मग मुलंच म्हणाली आम्ही बोक्या सांगतो, आणि पुस्तक हातात नसताना आळीपाळीने अख्खी गोष्ट सांगितली, मधे कुणी चुकलं की दहा जण ओरडून दुरुस्त करायचे.

२०२२ ला संगीता बर्वेंची पियूची वही, त्या वर्षी प्रत्येकाने घरून आपापली वही आणली होती. पुढच्या वर्षी एकनाथ आव्हाडांच्या छंद देई आनंदमधल्या कविता, टाळ्यांच्या ठेक्यावर.

त्या दिवशी एक आजोबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले, मला वाटलं झोपले. वाचणारी चिमुरडी पान उलटताना अडली, दोन पानं चिकटली होती, बोटाला थुंकी लावून सोडवत बसली, तर आजोबा डोळे न उघडताच म्हणाले, "सावकाश गं बाळा, फाडू नको, आम्ही थांबलोय."