आमची वाटचाल : एकाच फ्लायचा व्यवसाय

पतींच्या विद्यापीठातील नोकरीमुळे आम्ही पुण्याहून अमेरिकेतील मोंटाना राज्यात, बोझमन येथे आलो, तोपर्यंत ट्राउट हा मासा आम्ही केवळ ताटात पाहिला होता आणि तोही एकदाच, मनालीला. आज आमचा तीन जणींचा लहानसा व्यवसाय ट्राउटच्या मासेमारीसाठी ‘एल्क हेअर कॅडिस’ ही एकच ड्राय फ्लाय, म्हणजे केस-पिसे गळावर बांधून केलेला, पाण्यावर तरंगणारा नकली कीटक, बांधतो. इतर प्रकार का करत नाही, असे दुकानदार दरवर्षी विचारतात.

कॅडिस हा कीटक बसलेला असताना पंख उतरत्या छपरासारखे अंगावर मिटून घेतो. १९५७ साली पेनसिल्व्हेनियात अल ट्रॉथ यांनी ते छप्पर एल्क हरणाच्या केसांनी साकारले. पुढे ते मोंटानातीलच डिलन येथे स्थायिक झाले, त्यामुळे इथल्या लोकांना ही फ्लाय घरचीच वाटते. या केसांच्या आत हवा असते, म्हणून पंख पाण्यावर तरंगतो. त्याखाली सशाच्या लवेचे अंग, अंगाभोवती कोंबड्याच्या पिसाचे वेढे, आणि माशाच्या दातांनी पीस तुटू नये म्हणून त्यावरून गुंडाळलेली बारीक तार असते.

गजरे करणाऱ्या आजीच्या हाताखाली वाढल्यामुळे दोऱ्याचा ताण आपल्याला कळतो, असा माझा समज होता. आमची पहिली मोठी ऑर्डर १६ नंबरच्या गळावरील ४० डझनांची होती आणि ती जवळजवळ सगळी परत आली, कारण दोन-तीन मासे लागताच पंख गळाभोवती फिरून पोटाखाली जात होता. केसांच्या मुळाशी असलेली लव मी नीट विंचरून काढत नव्हते. त्यामुळे दोऱ्याखाली केसांऐवजी लवच दाबली जाई, आणि ती पाणीही धरून ठेवी. शिवाय पंख भरदार दिसावा म्हणून झुबका जाड घेत होते, आणि जाड झुबक्यातील आतल्या केसांपर्यंत दोऱ्याची पकड पोहोचतच नाही. आता पहिले दोन वेढे सैल घालून मग दोरा खाली ओढून आवळला जातो, आणि तो पुरता बसेपर्यंत चिमटीतला झुबका सोडायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. परत आलेले सगळे गळ ब्लेडने साफ करण्यात तो हिवाळा गेला, आणि दुसरा प्रकार हाती घेण्याची हौसही तेव्हाच फिटली.

एल्कचे केसांसकटचे कातडे मात्र मी आजही स्वतः निवडते. केस मुळाकडे अधिक पोकळ असतो, त्यामुळे लहान गळावर आखूड केस मुळाजवळ आवळला की तो कारंज्यासारखा फुलतो आणि छपराचा आकार मोडतो. टोके तुटलेली असतील, तर कातडे कितीही स्वस्त असले तरी घेत नाही.

मे महिन्यातील मातृदिनाच्या सुमारास यलोस्टोन नदीवर कॅडिसचे थवे उठतात, परंतु त्याच दिवसांत बर्फ वितळून नदी गढूळ झाली, की दुकानातला माल पडून राहतो. म्हणून त्या हंगामाचा माल आम्ही मार्चअखेर देतो आणि पैसे आगाऊ घेतो. दुकानदार कुरकुरतात, पण घेतात.