यंदा राखाडी कधी आहे?

घटस्थापना आठवड्यावर आली की साड्यांच्या दुकानात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. लाल, पिवळी, हिरवी साडी प्रत्येकीच्या कपाटात सापडते. राखाडी सणासुदीला कोण घेणार? तरी ती आता ठेवावी लागते, कारण नवरात्रातला एक दिवस तिच्या नावावर आहे.

ही प्रथा कुठल्या पोथीतून आलेली नाही. या शतकाच्या सुरुवातीला 'महाराष्ट्र टाइम्स'नं नवरात्रात रोजचा एक रंग छापायला सुरुवात केली आणि त्या रंगात नटलेल्या वाचक मैत्रिणींचे फोटो मागवले. बँकेतल्या, शाळेतल्या, लोकलच्या महिला डब्यातल्या घोळक्यांचे फोटो पानभर येऊ लागले. आपला चेहरा पेपरात दिसणार म्हटल्यावर सांगावं लागतंय कशाला! दोन-चार वर्षांत पेपर न घेणाऱ्या घरांतही 'आज कोणता रंग?' सुरू झालं.

पेपरला हे जमलं, कारण जागा आधीच तयार होती. घटावर रोज एक माळ चढते. 'आज तिसरी माळ' असं दिवस मोजणं घराघरात होतंच. कोल्हापूरला अंबाबाईची, तुळजापूरला भवानीची नवरात्रात वेगवेगळ्या रूपांत अलंकार पूजा बांधतात. देवीचा साज बदलतो हे लोकांच्या डोळ्यांना सवयीचं होतं. पेपरनं तो बदल भक्तिणीच्या अंगावर आणला, एवढंच. पण हे 'एवढंच' सोपं नव्हतं. घट घरात बसतो आणि नोकरी करणारी बाई दिवसभर बाहेर असते. तिला ऑफिसात बसून साजरं करता येईल असं नवरात्रात फारसं काही नव्हतं, ते या रंगांनी दिलं.

आता यादी कशी बनते ते बघा. सात रंग वारांना बांधलेले आहेत. रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा (दुकानदाराच्या भाषेत रॉयल ब्लू), गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. घटस्थापना ज्या वारी, तिथून मोजायला सुरुवात. आठव्या दिवशी पहिला वार पुन्हा येतो, म्हणून शेवटच्या दोन दिवसांना मोरपिशी, जांभळा, गुलाबी यांतले दोन लावतात. 2024 मध्ये घट गुरुवारी बसले, पहिला रंग पिवळा. 2025 मध्ये सोमवारी बसले, पहिला पांढरा.

वारांचे रंग ग्रहांवरून घेतले असं कुणी सांगितलं तर ताडून बघा. चंद्राचा पांढरा, मंगळाचा लाल, गुरूचा पिवळा जुळतो. पण बुधाचा रंग हिरवा, शुक्राचा पांढरा मानतात. यादीत तिथे निळा आणि हिरवा आहे.

त्याहून मोठी गफलत व्हॉट्सअॅपवर होते. 'पहिला दिवस शैलपुत्रीचा (नवदुर्गांतली पहिली), तिला अमुक रंग प्रिय' असे सुबक संदेश फिरतात. शैलपुत्री तिथीनं येते, रंग वारानं. 2023 मध्ये तिच्या वाट्याला केशरी आला, 2024 मध्ये पिवळा, 2025 मध्ये पांढरा. देवीची आवड दरवर्षी बदलते असं मानायचं नसेल, तर तो अर्थ मागाहून चिकटवलेला आहे हे उघड आहे. मला यात फसवणूक दिसत नाही. लोकांना आवडलेल्या गोष्टीला लोकच शास्त्र शोधून देतात, आणि ते शास्त्र पुढच्या वर्षी पुरवणीत छापून येतं.

तिथी आणि वार यांची ही ओढाताण 2025 मध्ये उघडी पडली. तिथीची वृद्धी झाल्यानं, म्हणजे एकच तिथी दोन दिवस आल्यानं, 22 सप्टेंबरला बसलेल्या घटांचा दसरा 2 ऑक्टोबरला आला. नऊ रंग 30 सप्टेंबरला संपले आणि 1 ऑक्टोबरची नवमी नऊच्या यादीबाहेर उरली.

फोटो पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पेपरचा कागद शाई पितो, त्यामुळे गडद निळा छापताना जांभळ्याकडे झुकू शकतो आणि पांढऱ्या साड्या पांढऱ्या भिंतीपुढे विरघळून जातात. मागे गडद दार किंवा झाडं घ्या. मोरपिशी ट्यूबलाइटखाली नुसता हिरवा दिसू शकतो, तो फोटो दिवसा उजेडी काढावा.

तक्रारही आहे. गणवेशातल्या नर्सला, घरकामाला येणाऱ्या बाईला नऊ दिवस नऊ रंग कुठून आणायचे? गटाच्या फोटोत एकटी वेगळ्या रंगात उभी राहणं कुणालाच नको असतं, मग मैत्रिणीची ओढणी मागून आणली जाते. दुकानदारांचे 'नऊ रंगांचे सेट' या संकोचावरच खपतात.

फॉरवर्ड आला की वर्ष बघू नका, पहिल्या दिवसाचा वार बघा. 2022 ची जुनी यादी 2025 मध्ये बरोबर निघाली असती, कारण दोन्ही वर्षी घट सोमवारी बसले. 2026 ची घटस्थापना 11 ऑक्टोबरला, रविवारी आहे. म्हणजे केशरी, पांढरा, लाल, निळा, पिवळा, हिरवा, आणि शनिवारी 17 तारखेला राखाडी. आठवा-नववा मात्र पेपरात येईपर्यंत विकत घेऊ नका.