सीसीआर-७ ची अँटिबॉडी आणि बर्फातल्या ट्यूब

मागच्या महिन्यात रबाळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत माझी एक तरुण सहकारी फ्लो सायटोमीटरच्या, म्हणजे रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोर बराच वेळ गप्प बसून होती. शेवटी तिने विचारले, "ताई, या माणसाच्या रक्तात नाइव्ह टी पेशी नाहीतच का?" रक्त एका निरोगी, तिशीतल्या स्वयंसेवकाचे होते. आलेखाच्या आडव्या अक्षावर सीडी-४५आरए होते आणि उभ्या अक्षावर सीसीआर-७. नाइव्ह टी पेशी म्हणजे शत्रूशी अजून गाठ न पडलेल्या संरक्षक पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या अंगावर ही दोन्ही प्रथिने असतात. वरच्या दोन्ही चौकटी जवळजवळ रिकाम्या होत्या आणि खालची उजवी चौकट गच्च भरलेली होती. सीसीआर-७ ला चिकटून ते रंगाने दाखवणारी नवी अँटिबॉडी आदल्याच दिवशी उघडलेली असल्यामुळे साहजिकच संशय तिच्यावर गेला, आणि "लॉट खराब आला आहे, परत पाठवू" असे बोलणेही सुरू झाले.

सीसीआर-७ हा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणारे पेशीच्या अंगावरचे प्रथिन, नेमका काय करतो, हे आधी सांगते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. ती सुजलेली गाठ म्हणजे लसिकाग्रंथी, आणि रक्तातून फिरणाऱ्या टी पेशींना त्या गाठीत शिरण्याचा मार्ग दाखवणाऱ्यांपैकी सीसीआर-७ हा एक प्रमुख रिसेप्टर आहे. गाठीतल्या पेशी सीसीएल-१९ आणि सीसीएल-२१ ही दोन केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारी प्रथिने, तयार करतात, आणि ज्या पेशीच्या अंगावर सीसीआर-७ असतो तिला ती जाणवतात. ज्या टी पेशीची आपल्या शत्रूशी अजून गाठच पडलेली नाही, त्या नाइव्ह पेशीवर हा रिसेप्टर असतो. एकदा लढून परत गाठींमध्ये वस्तीला आलेल्या सेंट्रल मेमरी पेशीवरही असतो. ऊतींमध्ये पहारा देणाऱ्या इफेक्टर मेमरी पेशीवर मात्र तो नसतो. फेडेरिका सल्लुस्तो, अंतोनिओ लान्झाव्हेकिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सीसीआर-७ च्याच आधाराने मेमरी पेशींची ही विभागणी मांडली, आणि तेव्हापासून जगभरातल्या प्रयोगशाळा याच चार चौकटी आखत आल्या आहेत.

आपल्याकडे या चौकटींचे महत्त्व आता आणखी वाढले आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअल सेंटर यांच्या संशोधनातून घडलेल्या कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडण्याच्या, उपचाराला २०२३ मध्ये देशात मान्यता मिळाली, आणि टाटा मेमोरिअलचे खारघर येथील केंद्र तर आमच्यापासून फार दूर नाही. अशा उपचारासाठी तयार केलेल्या पेशींत सीसीआर-७ बाळगणाऱ्या, अजून न थकलेल्या पेशी किती आहेत, हे पाहणे उपयोगाचे असते, कारण त्या शरीरात साधारणपणे जास्त काळ टिकतात. त्यामुळे रिकामी दिसणारी चौकट खरोखर रिकामी आहे की आपण ती तशी करून ठेवली आहे, हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही.

त्या दिवशी उत्तर आलेखातच होते. खालची उजवी चौकट म्हणजे सीडी-४५आरए असलेल्या, पण सीसीआर-७ नसलेल्या पेशी. आम्ही पाहत होतो त्या सीडी-४ टी पेशी, म्हणजे टी पेशींचा एक प्रकार, होत्या, आणि निरोगी तरुण माणसाच्या सीडी-४ पेशींमध्ये हा वर्ग अगदी थोडा असतो. तो इतका भरलेला दिसतो, याचा अर्थ त्या नाइव्ह पेशीच आहेत, फक्त त्यांच्या अंगावरचा सीसीआर-७ आपल्याला दिसलेला नाही. पेशींना अँटिबॉडी लावण्याबद्दल मी तिला विचारले, "स्टेनिंग कुठे केलेस?" ती म्हणाली, "बर्फावर, ताई. नेहमीसारखेच."

चूक तिची नव्हती. पेशींवरचे रिसेप्टर आत ओढले जाऊ नयेत म्हणून बर्फावर, अंधारात, अर्धा तास ठेवायचे, हे आम्हीच प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो, आणि बहुतेक अँटिबॉडींसाठी ते योग्यही आहे. सीसीआर-७ ची गोष्ट वेगळी आहे. हा रिसेप्टर एका जागी बसून राहत नाही. तो पृष्ठभागावरून आत जातो आणि पुन्हा वर येतो. सीसीएल-१९ चिकटले तर तो आणखीच जोरात आत ओढला जातो. थंडीत ही ये-जा थांबते, आणि जे आत आहे ते आतच राहते. उलट ३७ अंश सेल्सिअसला अँटिबॉडी घालून ट्यूब ठेवली, की वर येणारा प्रत्येक नवा रिसेप्टर अँटिबॉडीच्या हाती लागत जातो, आणि अंधूक दिसणारा गट हळूहळू ठळक होतो.

त्यात या रिसेप्टरचा आकारही अँटिबॉडीला अडचणीचाच आहे. तो पेशीच्या पटलातून धावदोऱ्यासारखा सात वेळा आरपार गेलेला असतो. बाहेर राहते ते एक टोक आणि तीन छोटे फास, आणि अँटिबॉडीला पकड घ्यायला तेवढीच जागा मिळते. माणसाच्या सीसीआर-७ साठी १५०५०३, जी०४३एच७ आणि ३डी१२ हे क्लोन, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून मिळणाऱ्या एकसारख्या अँटिबॉडी, बरेच वापरले जातात. पहिले दोन उंदराचे आहेत आणि तिसरा घुशीच्या जातीतल्या रॅट या प्राण्याचा. एका क्लोनवर बसवलेली पद्धत दुसऱ्यावर डोळे झाकून लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. फॉर्मल्डिहाइडने पेशी आधी पक्क्या केल्या तर ही पकडीची जागाच बिघडू शकते, म्हणून तांबड्या पेशी फोडण्याच्या द्रावणात असे रसायन असेल तर सीसीआर-७ त्याच्या आधीच लावून घ्यावा. अँटिबॉडीला जोडलेला रंग शक्यतो तेजस्वी निवडावा. आम्ही लाल शैवालापासून मिळणारे फायकोएरिथ्रिन वापरतो.

दुपारी आम्ही त्याच रक्ताच्या तीन ट्यूब लावल्या. एक बर्फावर ठेवली. दुसरीत फक्त सीसीआर-७ घालून ती ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये १५ मिनिटे ठेवली, आणि बाकीच्या अँटिबॉडी नंतर खोलीच्या तापमानाला घातल्या. तिसऱ्या ट्यूबमध्ये सीसीआर-७ सोडून बाकी सगळे होते. हा रिसेप्टर पेशींवर कमी-जास्त अशा सलग पायऱ्यांत दिसतो, त्यामुळे 'आहे' आणि 'नाही' यांच्यामधली रेघ कुठे मारायची हे त्या तिसऱ्या ट्यूबवरूनच ठरवावे लागते. नुसत्या नजरेने मारलेल्या रेघेवर माझा विश्वास नाही. दुसऱ्या ट्यूबचा आलेख उमटू लागला तसा उजवीकडचा गट खालच्या चौकटीतून सरळ वर चढला, आणि त्याच्या डावीकडे सेंट्रल मेमरीचा छोटा ढगही वेगळा दिसू लागला. बाटली तीच होती आणि रक्तही तेच होते. शेजारी उभी असलेली ती पोर काही बोलली नाही; तिने वहीत दोन्ही आलेख शेजारी शेजारी चिकटवले.

आता ठाण्याहून येणाऱ्या नमुन्यांसाठीही आम्ही सूचना बदलली आहे. पूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्याने येणारी गाडी रक्ताच्या ट्यूब थेट बर्फाच्या डब्यात घालून आणत असे. आता त्या बर्फापासून दूर, खोलीच्या तापमानाला ठेवल्या जातात आणि त्याच दिवशी लावल्या जातात. अँटिबॉडीची बाटली मात्र २ ते ८ अंशांतच आणि अंधारातच राहते. तिला गोठवायचे नाही आणि उन्हातही ठेवायचे नाही. पाठवण्याचा विचार केला होता तो लॉट अजून आमच्याकडेच आहे. नवा लॉट आला की एकाच रक्तावर दोन्ही लावतो, अँटिबॉडीचे प्रमाण निम्म्या-निम्म्याने कमी करत पाहतो, आणि जिथे गट ठळक पण मागची धूसरता कमी असते तेवढेच मायक्रोलिटर फ्रीजच्या दारावरच्या तक्त्यात लिहून ठेवतो.