मेळघाटात मचाणावर एक रात्र: आधी नाल्याचं विचारा

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजतात, त्या पाणवठा गणनेला सेमाडोहकडे जाणार असाल, तर नाव देतानाच विचारून घ्या, गाडीतून उतरल्यावर मचाण किती लांब? "गाडी थेट मचाणाखाली लागते," असं आम्हाला सांगितलं होतं. जीप नाल्याच्या काठावर थांबली. पुढचे अडीच किलोमीटर कोरड्या नाल्यातून पायी, तेही दुपारी तीनच्या उन्हात. गोटे पायाखालून सरकतात आणि पानगळ झालेल्या सागाची सावली नावालाही पडत नाही. दहा लिटरचा कॅन आम्ही दोघांनी काठीला अडकवून उचलला. अर्ध्या वाटेत झाकण उडालं, चारेक लिटर पाणी वाळूने पिऊन टाकलं. एकदा मचाणावर चढलात की सकाळपर्यंत उतरता येत नाही, आणि समोरचं पाणी जनावरांचं. कॅन नेऊच नका. दोन लिटरच्या बाटल्या पाठीवर घ्या, माणशी पाच लिटर, त्याहून थेंब कमी नको.



वाघ मोजायला निघालात असं समजू नका. देशभरातली वाघांची मोजणी 2006 पासून दर चार वर्षांनी होते, त्यात कॅमेऱ्यांचा आधार असतो. मचाणावर फक्त पाण्यावर कोण आलं ते लिहायचं. पण नीट लिहा. वेळ, संख्या, कुठल्या बाजूने आलं, कुठे गेलं. आमच्याकडे 1.40 ला पश्चिमेकडून अस्वल आलं. पुढचे पाय पाण्यात रोवून ते इतक्या जोरात सुरसुर ओढत होतं की मचाणावर स्पष्ट ऐकू येत होतं. मान वर केली तेव्हा छातीवरचा पांढुरका पट्टा चांदण्यात दिसला. सोबतच्या कोरकू आदिवासी वनमजुराने माझं मनगट घट्ट धरलं होतं, "हालू नका दादा." 3.20 ला पुन्हा अस्वल. दिशा लिहिलेली होती म्हणून तेच परतलं असावं असा शेरा मारता आला, नाहीतर सरळ दोन मोजले असते.

अत्तर, डासांची अगरबत्ती, कुरकुरीत पिशव्या घरी ठेवा. दोनच्या पुढे झोप अनावर होते, जागायच्या पाळ्या आधीच ठरवा.

नऊला येणारी जीप साडेदहाला आली. त्या दीड तासासाठी शेवटची बाटली न फोडता राखून ठेवा.