लिव्हरमधली गाठ आणि अकरा वर्षांची गोळी

मे महिन्यात पित्ताचा त्रास वाढला म्हणून धंतोलीत उपाशीपोटी सोनोग्राफी केली. पित्ताशय साफ निघालं, पण लिव्हरमध्ये ३.८ सेंटिमीटरची गाठ! रिपोर्ट देणारा मुलगा "डॉक्टरांना दाखवून घ्या" एवढंच बोलला आणि पुढचं नाव पुकारलं. बाहेर नागपूरचं ऊन, आणि स्कूटीच्या हँडलवर माझे हात गार.

घरी जाऊबाईंनी लगेच निदान केलं. "सावजीचं मटण खाऊन खाऊनच झालं असन!"

रामदासपेठेतल्या पोटाच्या डॉक्टरांनी आधी धीर दिला. लिव्हरमध्ये सगळ्यात जास्त सापडतो तो हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. शंभरातल्या काही जणांना तो असतो आणि बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. मग विचारलं, "ताई, गर्भनिरोधक गोळ्या घेता?"

"नाही," मी म्हटलं. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. पाळीत फार जातं म्हणून अकरा वर्षं जुन्याच चिठ्ठीवर एक गोळी आणते, ती मोजायची का?

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं.

कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय झाला. आत ठकठक चालू असताना मी मनात भीमरूपी म्हणत होते. निघाला ॲडेनोमा, म्हणजे लिव्हरच्याच पेशींची, कॅन्सर नसलेली गाठ. हा दुर्मीळ : माझ्यासारखी हार्मोनची गर्भनिरोधक गोळी न घेणाऱ्यांत दहा लाखांत एखादा, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत लाखात तीन-चार. वाढलेलं वजनही त्याला पोसतं (माझं ८१ किलो), आणि जिममधल्या पोरांची स्टेरॉइडची इंजेक्शनंसुद्धा. मटणाचा उल्लेख कुठेच नाही, हे मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं.

ही गाठ ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली की आत रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित कॅन्सरही. पुरुषांत तो धोका जास्त, म्हणून त्यांची लहान असली तरी काढायला सांगतात. मला सांगितलं : गोळी आजपासून बंद, वजन कमी, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी हार्मोन नसलेलं औषध दिलं, तेवढ्या चार दिवसांपुरतं.

अंबाझरीला रोज पहाटे चालले. सात किलो उतरले. नोव्हेंबरच्या रिपोर्टात गाठ २.४ सेंटिमीटर. आता पुढची तारीख वर्षाने.

जाऊबाई अजून सावजीचंच नाव घेतात.